बेचाळीसचा दगड

"चारशे एक्याऐंशी, चारशे ब्याऐंशी, चारशे त्र्याऐंशी. थांबा. दगड कुठाय?"

मीटरने करकचून ब्रेक दाबला आणि एक पाय जमिनीवर टेकून पुढे पाहिलं. सरळ डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं. दगड दिसत होता, पण बराच लांब.

"तू मोजायला चुकलास," मागच्या सायकलच्या कॅरिअरवरून शेपूट म्हणाली.

"मी आणि चुकलो?"

"परवा आमच्या दाराची उंची मोजताना चुकला होतास."

"दार वाकडं आहे तुमचं."

मीटर म्हणजे शेपटीच्या मामाचा मुलगा. सुटीत आत्याकडे येताना इतर मुलं बॅट आणतात, हा टेप घेऊन आला होता. आल्या दिवशीच त्याने आत्याची खाट, खिडकी आणि झोपलेलं मांजर मोजून वहीत लिहिलं. आता त्याला राज्य महामार्ग मोजायचा होता. सायकलच्या चाकाला त्याने चिंधी बांधली होती. चाकाची एक फेरी झाली की चिंधी मडगार्डला फट्कन लागायची. एका किलोमीटरला चारशे त्र्याऐंशी फटके. अडतीसच्या दगडापासून एक्केचाळीसपर्यंत आकडा चोख जुळला होता.

पुढच्या दगडापाशी ते पोचले तेव्हा पाचशे एक्केचाळीस फटके झाले होते. दगडावर ताज्या काळ्या रंगात सुबक आकडा होता : ४२.

"एकशे वीस मीटर जास्त," मीटर वहीत लिहीत म्हणाला. "हा किलोमीटर उन्हाने वाढला की काय? रंगारी, तू राहतेस ना या रस्त्यावर? सांग की."

रंगारी म्हणजे शेपटीची मोठी बहीण. तिची बारा वर्षं पूर्ण झाली होती. हे नाव तिला याच सुटीत पडलं होतं आणि ते कोणी घेतलं की ती दुसरीकडे बघायची.

"मला काय माहीत," ती म्हणाली.

"ताई," शेपूट तिच्या पाठीशी तोंड नेऊन कुजबुजली, "तो हरवलेला आकडा..."

"गप्प बस. कॅरिअरवरून उतरवीन."

शेपूट गप्प बसली. ती आठ वर्षांची होती आणि ताई जाईल तिथे जायची. म्हणून तर ती शेपूट. उतरवलं जाण्याइतकं वाईट तिच्या दृष्टीने काही नव्हतं.

रंगारीचे बाबा या रस्त्याचे मुकादम होते. अडतीसपासून पन्नासपर्यंतचा रस्ता त्यांच्याकडे. खड्डे बुजवणं, साइडपट्टी राखणं, मोऱ्या साफ करणं आणि वर्षातून एकदा दगड रंगवणं. सुटी लागली त्याच आठवड्यात ते खडीच्या ट्रकवरून पडले आणि पायाला मांडीपर्यंत प्लास्टर लागलं. दगड रंगवायची मुदत संपत आली होती. त्यांच्या हाताखालच्या टोळीतली माणसं खड्ड्यांवर गेली होती. "मी करते," रंगारी म्हणाली होती. "दरवर्षी बघते ना तुमच्याबरोबर."

ती बघत होतीच. बाबा एक दगड पांढरा करायचे आणि तो सुकेपर्यंत तिथेच शेंगा सोलत बसायचे. मग हिरवं डोकं, मग काळा आकडा, आणि मगच पुढचा दगड. रंगारीला तो आळस वाटायचा. तिने एका सकाळीत बाराच्या बारा दगड पांढरे करून टाकले. दुसऱ्या दिवशी आकडे लिहिले. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस... चटचट. शेवटच्या दगडावर एकोणपन्नास लिहून ती उठली, तेव्हा डबा सांभाळणारी शेपूट रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे बोट दाखवत म्हणाली, "ताई, पलीकडच्या मुकादमाच्या पहिल्या दगडावर एक्कावन्न आहे. मधला पन्नास कुठे गेला?"

रंगारीने डबा तिरका करून पाहिला होता. रंग संपला होता. सगळे जुने आकडे पांढऱ्याखाली गेले होते. मग ती म्हणाली होती, "बाबांना सांगितलंस तर तुला पुन्हा कधी कुठे नेणार नाही."

त्याला आज पंधरा दिवस झाले होते.

*

त्यांचा अड्डा दोन किलोमीटर पुढे होता. चव्वेचाळीसच्या दगडानंतरची दुसरी मोरी. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला बांधलेली छोटी वाट. ही मोरी चांगली कमरेएवढी उंच होती. उन्हाळ्यात आत कोरडं आणि गार असायचं. पण आज तिच्या तोंडाशी ट्रक उभा होता, आणि चार माणसं आत लोखंडी गर्डर ठोकत होती.

"अहो, ही आमची मोरी आहे," शेपूट म्हणाली.

टोपी घातलेला सुपरवायझर वळला. "बरं झालं सांगितलंस. मला वाटलं सरकारची आहे."

"पण ही तर धडधाकट आहे," मीटर आत डोकावून म्हणाला. "हिला आधार कशाला?"

"उद्या सकाळी दहा वाजता इथून ट्रेलर जाणार आहे. वीजघराचं मशीन आहे त्याच्यावर, दीडशे टनांचं. त्याच्यासाठी कमजोर मोरी पक्की करतोय."

"पण ही कमजोर नाहीच. एक तडा नाही हिला. आम्ही रोज बसतो हिच्यात."

सुपरवायझरने खिशातून घडी केलेला कागद काढला. "शाळेत जातोस ना? वाच. मोरी क्रमांक चव्वेचाळीस-दोन. म्हणजे चव्वेचाळीसच्या दगडानंतरची दुसरी. तो बघ दगड. ती पहिली मोरी, ही दुसरी. आता मला पण ती चांगलीच दिसली. पण मी कशाला विचारू? कागदात आहे, करून टाकायची. पळा."

मीटर सायकलपाशी येताच हळू आवाजात म्हणाला, "हा माणूस नक्की काहीतरी लपवतोय. चांगली मोरी दुरुस्त केल्याचं नाटक. आपण याला पकडायचं."

रंगारीने दगडाकडे पाहिलं. ४४. चारच्या टोकाला तिने दिलेली बारीक वेलांटी अजून चमकत होती. सुपरवायझर काही लपवत नव्हता. लपवणारी ती होती.

*

सडक खात्याने मुकादमाला दिलेल्या दोन खोल्या सत्तेचाळीसच्या दगडाजवळ होत्या. पुढच्या खोलीत खाटेवर बाबा पाय उशीवर ठेवून पडलेले. खिडकीतून त्यांना जेमतेम एक झाड आणि रस्त्याचा हातभर तुकडा दिसायचा. येणारीजाणारी वाहनं ते आवाजावरून ओळखायचे.

"मोरीचं काम निघालं का गं?" त्यांनी विचारलं.

"निघालं. गर्डर लावताहेत."

"अखेर ऐकलं म्हणायचं." बाबा उशीवर मागे रेलले. "दोन वर्षं लिहितोय मी. चव्वेचाळीस-दोन, स्लॅब खालून सुटला आहे. तो ट्रेलर येणार म्हणून का होईना, जागे झाले. माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं गेलं."

"बाबा, ती मोरी म्हणजे कुठली? आम्ही ओळखतो का?"

"नाही का, जिथे मोडका पाणवठा आहे. जनावरांचा हौद."

मोडका हौद अड्ड्याच्या एक किलोमीटर अलीकडे होता. रंगारी खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली.

मीटर वही घेऊन पुढे सरकला. "काका, एक्केचाळीस आणि बेचाळीसच्या मधलं अंतर एकशे वीस मीटर जास्त का आहे?"

बाबा हसले. "बेचाळीस? बेचाळीस नाहीच. एक्केचाळीसनंतर एकदम त्रेचाळीस."

"पण..." मीटरने रंगारीकडे पाहिलं. रंगारीने मान किंचित हलवली. मीटर मोजमापात हट्टी असला तरी मूर्ख नव्हता. तो थांबला.

"हा रस्ता आधी गाडीवाट होता," बाबा सांगू लागले. ते रस्त्याबद्दल बोलायला लागले की घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसे बोलायचे. "डोंगरातून दगड उतरवून नदीकाठी न्यायचा, एवढंच काम. मग खडी पडली, मग डांबर. एक्केचाळीसच्या पुढे खोल ओढा आहे, तो टाळायला रस्ता मोठा वळसा घालून उतारावरून जायचा. माझ्या आधीच्या मुकादमाच्या काळात ओढ्यावर पूल झाला आणि रस्ता सरळ झाला. वळसा सुटला, आणि त्या वळशावरचा बेचाळीसचा दगड तिकडेच राहिला."

"मग पुढचे आकडे का नाही बदलले?"

"कसे बदलणार? झाडांची यादी, मोऱ्यांची यादी, जमिनींचे नकाशे, सगळं त्या आकड्यांना बांधलेलं. एक दगड बदलला की पुढचे शंभर बदलायचे. त्यापेक्षा एक आकडा सोडून दिला. हे कागदावर कुठे धड लिहिलेलं नाही. आधीच्या मुकादमाने मला सांगितलं, मी पुढच्याला सांगेन." ते थांबले आणि रंगारीकडे वळले. "तुला सांगायचं राहिलंच बघ. पण तू जुने आकडे बघूनच लिहिलेस ना, मग काय अडलं? परवा टोळीतला माणूस सांगत होता, पोरीचं अक्षर तुमच्यापेक्षा सुरेख आहे."

टोळीतली माणसं दगड वाचत नसत. त्यांना रस्ता पाठ होता : हौदाची मोरी, भट्टीचं वळण, वाकडं झाड. दगड वाचायची ती बाहेरची माणसं.

आता सांगावं, असं रंगारीच्या ओठांवर आलं. तेवढ्यात आई आतून म्हणाली, "साहेबांनी रजा मंजूर केली बरं का. दगड वेळेवर रंगले म्हणून. आजारी माणसाने काम अडू दिलं नाही, असं लिहिलंय."

मुलीने रंगवले हे साहेबांना ठाऊक नव्हतं. कळलं तर बाबांचं काय होईल? रजा जाईल? काम जाईल? आणि काम गेलं की या दोन खोल्याही.

बाबांनी डोळे मिटले होते. "आज झोप लागेल," ते म्हणाले.

रंगारीने ठरवलं, सकाळी लवकर जाऊन सुपरवायझरला एकटीनेच सांगायचं. हळूच. म्हणजे कोणाला कळणार नाही.

*

पण सकाळी अड्ड्यापाशी कोणी नव्हतं. ट्रक नव्हता, माणसं नव्हती. मोरीत नवे गर्डर तेवढे उभे होते. काम पुरं करून ते गेले होते.

"आता तरी सांगशील?" मीटर म्हणाला. "काल काकांसमोर मला गप्प केलंस. का?"

रंगारी सायकल दामटत निघाली. मोडका हौद मागे पडला, तीन किलोमीटरवरचा ओढ्याचा पूल आला. पुलाच्या अलीकडे उजव्या हाताला काटेरी झुडपं होती. ती सायकल टाकून आत शिरली. ओरखडे काढत मागून मीटर, आणि अर्थातच शेपूट.

झुडपांपलीकडे रस्ता होता. डांबर फुटलेलं, मधून गवत आलेलं, पण रस्ताच. तो ऐटीत वळण घेऊन उतरत होता, जणू अजून कोणी येणार आहे. आणि वळणावर दगड होता. हिरवं डोकं, पांढरं अंग. रंग गेल्या वर्षीचा, पण व्यवस्थित. ४२. बाबांच्या हातचा जाडजूड दोन.

"इथे कोण येतं वाचायला?" मीटर म्हणाला.

"कोणी नाही," रंगारी म्हणाली. "तरी रंगवतात. मला माहीतच नव्हतं."

मग ती त्या दगडापाशी खाली बसली आणि तिने मीटरला सगळं सांगितलं. बारा दगड एका सकाळीत पांढरे केल्याचं. आकडे मनाने लिहिल्याचं. तिचा चव्वेचाळीस म्हणजे खरा पंचेचाळीस. गर्डर लागले चांगल्या मोरीला, आणि सुटलेल्या स्लॅबची हौदाची मोरी तशीच राहिली.

मीटरने चष्मा काढून पुसला. "म्हणजे मी काल ज्या चोराला पकडणार होतो..."

"हो."

"मोठी पंचाईत आहे," तो म्हणाला. आणि मग घड्याळ बघून, "ट्रेलर दहाला. आता साडेआठ. आपण—"

"ताई, तो बघ," शेपूट म्हणाली.

झुडपांच्या फटीतून पिवळा दिवा फिरताना दिसला. पुढे साहेबांची जीप, आणि तिच्यामागे, माणसाच्या चालीने, चाकांच्या रांगाच रांगा असलेला ट्रेलर. त्यावर ताडपत्रीत गुंडाळलेलं मशीन एखाद्या घराएवढं होतं. दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती. ट्रेलर ठरल्या वेळेआधीच निघाला होता.

रंगारी रस्त्यावर धावली आणि जीपसमोर हात हलवू लागली.

"बाजूला हो, बाळ," साहेब काचेतून डोकं काढून म्हणाले. "लांबून बघ मशीन."

"साहेब, हौदाची मोरी पक्की केलेली नाही."

"सगळ्या मोऱ्या तपासलेल्या आहेत. सही आहे माझी. चल, बाजूला."

जीप पुढे सरकली. मागच्या सीटवर टोपीवाला सुपरवायझर बसला होता. त्याने मुलांना ओळखलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

"मोठी माणसं ऐकत नाहीत," मीटर म्हणाला. "मग ती थांबतात तरी कशाने?"

रंगारीने क्षणभर विचार केला. ती चालवत होती ती सायकल बाबांची होती. तिच्या दांड्याखाली, गुंडाळून दोरीने बांधलेलं, एक लाल निशाण कायम असायचं.

"हौदापाशी," ती म्हणाली. "त्यांच्या आधी."

तिघांनी सायकली अशा मारल्या की मीटरच्या चाकाची चिंधी फटफटत फाटून गेली, आणि त्याने फेऱ्या मोजल्या नाहीत.

*

हौदाच्या मोरीवर त्यांनी बरोबर रस्त्याच्या मध्ये दगडांचा ढीग रचला. शेपटीने मोरीखालच्या ओहळातून ओंजळी भरभरून दगड आणले. ढिगात निशाण खोचून तिघं कडेला उभी राहिली.

ट्रेलर वीस मिनिटांनी आला. जीप निशाणाला वळसा घालून पुढे गेली. पण ट्रेलर थांबला. एवढी चाकं एकदम थांबताना मोठा सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला.

साहेब जीपमधून उतरून मागे आले. "काय झालं? चला."

पिकलेल्या मिशांचा ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकून म्हणाला, "निशाण आहे, साहेब."

"पोरांनी लावलंय ते. काढा."

"या रस्त्यावर निशाण ज्याने लावलं त्यानेच काढायचं. तीस वर्षं गाडी चालवतोय मी इथे. एकदा नव्हतं ऐकलं, आठ दिवस गाडी खड्ड्यात होती." त्याने इंजिन बंद केलं. "मुकादमाचं निशाण आहे. मुकादम येऊ दे."

"मुकादम खाटेवर आहे."

"मग मी पण पडतो जरा."

साहेब मुलांकडे वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "बारापर्यंत रस्ता मोकळा करायचाय मला. कोणाचा चावटपणा आहे हा?"

रंगारी ढिगासमोर येऊन उभी राहिली. "चव्वेचाळीस-दोन ही मोरी आहे, साहेब. गर्डर पुढच्या मोरीला लागलेत. दगडांवरचे आकडे चुकीचे आहेत."

"खोटं," सुपरवायझर म्हणाला. "चव्वेचाळीसच्या दगडानंतर मोजून दुसरी मोरी घेतलीय मी."

"ताजा रंग आहे दगडाला," साहेब म्हणाले. "मुकादमाने महिन्याभरात दिलाय. तो वीस वर्षं देतोय. त्याचं चुकेल?"

हाच तो क्षण होता. हो, बाबांचं चुकलं, असंही म्हणता आलं असतं. नुसतं गप्प राहिलं तरी तेच झालं असतं.

"बाबांनी नाही दिला," रंगारी म्हणाली. "मी दिला. आणि मी चुकले."

मग मीटर पुढे झाला. "आमच्याकडे पुरावा आहे. दगड इथून दोनशे पावलांवर आहे. चला."

तो त्यांना अलीकडच्या दगडापाशी घेऊन गेला. त्यावर रंगारीच्या अक्षरात ४३ होतं. मीटरने टेपच्या पत्र्याच्या कडेने तीनवरचा रंग खरवडायला सुरुवात केली. पहिल्यांदा काळा गेला, मग पांढरा, आणि त्याखाली हळूहळू दुसरा काळा दिसू लागला. जुना, जाडजूड. तीन नव्हता. चार होता.

साहेब उकिडवे बसले. त्यांनी त्या चारवरून बोट फिरवलं.

"स्लॅब बघायचा असेल तर बाबा ठोकून बघतात," शेपूट म्हणाली. "चांगला असला की टण् वाजतो. वाईट असला की बद्."

ड्रायव्हर आपला जॅकचा दांडा घेऊन खाली उतरला. साहेब स्वतः मोरीत शिरले, त्यांच्यामागून रंगारी. वरचा स्लॅब काळपट आणि ओलसर होता. तिने कडेला ठोकलं. टण्. एक पाऊल आत. टण्. मधोमध ठोकलं आणि आवाज आला, बद्. पोत्यावर मारल्यासारखा. वरून मूठभर माती, आणि मग ताटाएवढा एक तुकडा तिच्या आणि साहेबांच्या मध्ये पडला.

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत माती होती. ते सुपरवायझरकडे गेले. "ती पुढची मोरी चांगली दिसत होती की नाही?"

"दिसत होती, साहेब. पण कागदात..."

"मला विचारलं का नाहीस?"

सुपरवायझरने टोपी काढली. "तुम्ही सही केली होती."

साहेबांनी ट्रेलरकडे पाहिलं, मग चाकांच्या रांगांशेजारून चालत आलेल्या माणसांकडे. ती आठ जण होती.

*

ट्रेलर तीन दिवस तिथेच थांबला. गर्डर उपटून हौदाच्या मोरीला लागले. पहिल्याच दुपारी साहेब मुकादमाच्या खोलीत आले. आईने घरातली एकुलती खुर्ची पुसून दिली.

"मुकादम, तुमच्या मुलींनी आणि या भाच्याने आज आठ माणसं वाचवली," साहेब म्हणाले. "अशी हुशार मुलं मी पाहिली नाहीत. चूक सगळ्यांच्या हातून होते. ती बरोबर वेळी ओळखून सांगणारे कमी."

दारात उभा असलेला ड्रायव्हर म्हणाला, "माझ्यातर्फे यांना वीजघरापर्यंत ट्रेलरमधून चक्कर."

"किती किलोमीटर?" मीटरने लगेच विचारलं.

सगळे हसले. रंगारी हसली नाही. ते कौतुक तिला दुसऱ्याच्या मापाच्या कपड्यासारखं झालं होतं.

बाबा प्लास्टरकडे बघत होते. "दगड माझे होते, साहेब," ते म्हणाले. "मी तिला नुसतं करून दाखवलं. असं का करायचं, ते सांगितलं नाही. तुम्हाला माझ्यावर लिहायचं ते लिहा."

साहेबांनी लिहिलं. मुकादमाला लेखी समज मिळाली. पण त्याच कागदात त्यांनी हेही लिहिलं, की मोरी न बघता सही मी केली. रजा गेली नाही. खोल्याही गेल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात बाबांना कुबड्या मिळाल्या. टोळीच्या हातगाडीवर त्यांना बसवून रंगारीने आठ दगड पुन्हा रंगवले. एक पांढरा करायचा, सुकेपर्यंत थांबायचं, आकडा लिहायचा, मगच पुढचा. आठ दगडांना तीन दिवस लागले. मीटरने सुकायला लागणारा वेळही वहीत टिपला.

शेवटचा, नववा दगड झुडपांपलीकडचा होता. तिथे हातगाडी जाईना. मीटर आणि शेपूट गाडीपाशी थांबली, आणि बाबा कुबड्यांवर, रंगारीच्या खांद्याचा आधार घेत, जुन्या रस्त्याने वळणापर्यंत आले. ती दगड पांढरा करू लागली. ते बाजूच्या कठड्यावर टेकून शेंगा सोलू लागले.

पांढरा पुरा झाला. तिने ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "साहेब म्हणाले मी वेळेवर ओळखलं. तसं नाहीये."

बाबांनी शेंगा सोलायच्या थांबवल्या.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. शेवटच्या दगडाशी. पुढे एक्कावन्न होता. शेपटीने दाखवला आणि मी तिला धमकी दिली. आणि तुम्ही हौद म्हणालात तेव्हाही मला कळलं होतं. तरी मी झोपले."

ओढ्याचा आवाज येत होता. बाबा दगडाकडे बघत होते. पांढऱ्या रंगातला ओलावा कडांकडून आत आत आटत चालला होता.

"किती दिवस झाले त्याला?" त्यांनी विचारलं.

"सोळा. ट्रेलर आला त्या दिवशी सोळा."

"जड गेले असतील."

रंगारीने मान हलवली. बाबांनी सोललेल्या शेंगांचे दाणे तिच्या हातात ओतले आणि बसायला जागा करून दिली. दोघं तिथे बसून राहिली. त्या रस्त्यावरून कोणी जाणार नव्हतं, आणि तो दगड कोणी वाचणार नव्हतं. तरी पांढरा पूर्ण सुकेपर्यंत दोघांपैकी कोणी उठलं नाही.

मग बाबांनी बोट लावून पाहिलं. बोटाला रंग लागला नाही.

"सुकला," ते म्हणाले. "लिही आता."